फाडायचा बॅनर

माझ्यामुळे एका माणसाची खांद्यालगतची हासळी मोडली, त्याचे पुढचे दोन दात गेले आणि तीस-चाळीस बाप्ये भर मैदानात एकमेकांना बडवत सुटले. मी कुणावर हात उगारला नव्हता. मी एक पट्टी शिवली होती, कुणाला न सांगता शिवली होती, आणि वेळ असताना ती कापली नव्हती. मुलगा म्हणतो, "आई, झालं ते झालं, आता कशाला लिहितेस?" लिहिते, कारण त्या दिवसाबद्दल लोक वेगवेगळं सांगतात आणि खरं काय ते मला माहीत आहे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. सोळाव्या वर्षी लग्न झालं ते मिरजेच्या एका मंडपवाल्याशी. त्याच्या घरी पायमशीन होतं आणि त्या मशीनवर मी सत्तावीस वर्षं कनाती, झालरी आणि छताची कापडं शिवली. मंडपाचं कापड वाऱ्याने फाटलं की लग्नाला आलेली माणसं हसतात, आणि ते हसणं ऐकून आलेला नवरा घरी मारतो. कधी हाताने, कधी मंडपाच्या वाशाने. एकदा वासा मनगटावर बसला. हाड वाकडंच जुळलं, अजून तसंच आहे. त्या घरात मी एवढं शिकले की शिवण दुहेरी घालायची, मागून नवारीची पट्टी द्यायची आणि दर वितीला उलटा टाका मारायचा. माझं कापड पुढे कधी फाटलं नाही. मार थांबला नाही, ती गोष्ट वेगळी. मग तो आमटीवरून मारायचा. शेवटी एका मंडपावरून पडून मेला. लोकांनी विचारलं, दोर कुणी बांधला होता? त्यानेच बांधला होता.

त्यानंतर काही वर्षांनी मी मुलाकडे अमेरिकेत आले. तो कॉम्प्युटरमध्ये होता. नोकरी गेली तेव्हा त्याने ॲन आर्बरच्या बाहेर, हायवेला लागून असलेलं एका म्हाताऱ्या गोऱ्याचं बॅनरचं दुकान चालवायला घेतलं. घरं विकणाऱ्यांच्या पाट्या, चर्चच्या जेवणाचे बॅनर, पोरांच्या पदवीचे मोठाले फोटो. छापायचं काम मशीन करतं. कडा दुमडणं, दोर ओवायला नेफा शिवणं, कड्या ठोकणं हे माझ्याकडे आलं. सून युनिव्हर्सिटीत असते, घरी बसून मी भिंतींकडे किती बघणार? दुकानात ताडपत्रीसुद्धा शिवेल असं दणकट मशीन आहे. माझं आणि त्याचं जमलं.

दुकानापासून उत्तरेला दीड तासावर इथल्या मूळच्या लोकांची वस्ती आहे, आणि त्यांचा फुटबॉलचा फार जुना क्लब आहे. शाळा-कॉलेजचा नव्हे. गावातले मोठे पुरुष खेळतात. कुणी ट्रक चालवतो, कुणी छपरं घालतो, आणि शनिवारी हे लोक एकमेकांवर आदळायला मैदानावर येतात. हा फुटबॉल आपल्याकडचा पायाने मारायचा नाही. दोन्ही बाजू समोरासमोर वाकून उभ्या राहतात, चेंडू हलला की बैलांसारख्या धडकतात, शिट्टी वाजते, उठतात, परत वाकतात.

पहिल्यांदा मी त्या लोकांना 'रेड इंडियन' म्हटलं तेव्हा मुलगा दुकानाचं दार लावून माझ्यावर ओरडला.

"आई, हा शब्द परत तोंडातून काढायचा नाही. शिवी आहे ती."

"आमच्या पुस्तकात होता."

"पुस्तक चुकलं."

तेव्हापासून मी म्हणत नाही.

त्या क्लबात एक पद्धत आहे. कुणाचे पन्नास गेम झाले, कुणाचे शंभर झाले, की त्याच्या नावाचा भिंतीएवढा कागदी बॅनर करतात. मैदानाच्या तोंडाशी दोन बांबूंवर तो ताणून धरतात. ज्याचा मान असेल तो सगळ्यांच्या पुढे धावत येतो आणि छातीने तो फाडून आत जातो, मागून सगळी टीम. एक बांबू आपल्या माणसाने धरायचा, दुसरा पाहुण्या टीमच्या माणसाने. तो पाहुण्यांना दिलेला मान. शंभर झालेल्याचं नाव क्लबाच्या खोलीतल्या लाकडी फळीवर रंगवतात. त्या फळीवर फार थोडी नावं आहेत. नव्याण्णववाल्याचं नाव लिहीत नाहीत.

ऑर्डर घेऊन यायची ती क्लबातली म्हातारी. माझ्याच वयाची, अंगाने भरलेली, पाठीवर पांढरी वेणी, हातात काठी. सगळा क्लब तिला आंटी म्हणतो म्हणून मीही आंटी म्हणायला लागले. ती मलाही आंटी म्हणते. दोन म्हाताऱ्या एकमेकींना आंटी म्हणतात याचं माझ्या मुलाला हसू येतं. माझं इंग्रजी दुकानापुरतं आहे. ती जे बोलली ते मी मराठीत लिहिते आहे.

आम्ही त्यांचा पहिला बॅनर केला तो कुणाच्या तरी पन्नासाव्या गेमचा. मुलाने तिच्या सांगण्याप्रमाणेच केला होता. कागदाच्या दोन मोठ्या पट्ट्या, कडेने टेप, आणि मधला जोड कच्चा. कपडा बेतताना आपण कच्चा टाका घालतो तसा, फक्त टाक्याच्या जागी वितीवितीवर कागदी टेपचा तुकडा. माणूस तिथून घुसला की जोड सुटतो. पण त्या दिवशी वारा आला. खेळाडू निघायच्या आधीच बॅनर मधून टरकला आणि दोन्ही तुकडे बांबूंना फडफडत राहिले. तो बिचारा दोन चिंध्यांच्या मधून धावत गेला. पाहुण्या टीमचे लोक पोट धरून हसले. मी खुर्चीवर बसून ते हसणं ऐकलं. तीस वर्षांपूर्वी ऐकलेलंच हसणं होतं. माझं मनगट दुखायला लागलं.

पुढच्या वर्षी, खेळाचा हंगाम संपत आला असताना, आंटी परत आली. या वेळी बॅनर तिच्या भाच्याचा होता. ती त्याची आत्या. त्याचा शंभरावा गेम होता आणि हंगामातला तो शेवटचा. भाचा अडतीस वर्षांचा. खांदा दोनदा निखळलेला, गुडघ्यात स्क्रू. डॉक्टरने सांगितलं होतं की हे वर्ष शेवटचं.

"म्हणजे हा गेम हुकला तर?" मी विचारलं.

"तर नव्याण्णव," ती म्हणाली. "आयुष्यभर नव्याण्णव."

तिने पिशवीतून एक जुना फोटो काढला. अकरा पोरं, सगळ्यांचे केस डोक्यालगत कापलेले, कातड्याच्या टोप्या हातात. मधला तिचा बाप. हा फोटो बॅनरवर डाव्या बाजूला हवा, भाचा उजव्या बाजूला, मध्ये शंभराचा आकडा.

"केस असे का?" मी विचारलं.

"बाप आठ वर्षांचा असताना त्याला घरातून उचलून सरकारी शाळेत नेलं. पहिल्या दिवशी केस कापले. आपली भाषा बोलला की पट्ट्याने मारायचे. एका पोराला मारता मारता मारूनच टाकलं. फुटबॉल तिथेच शिकवला त्यांना."

"मारणाऱ्यांनीच?"

"हो. गोऱ्या पोराला रस्त्यात हात लावला असता तर तुरुंग होता. मैदानात लोळवला तर टाळ्या. मग ती पोरं मन लावून शिकली. सुटून आल्यावर या अकरा जणांनी क्लब काढला."

हे मला समजावून सांगावं लागलं नाही. मला असं मैदान कधी मिळालं नाही, एवढंच.

जाताना ती माझ्या टेबलापाशी थांबली. फोटोवर बोट ठेवलं. "आंटी, या वेळी वाऱ्याने नको. त्यानेच फाडायला हवा."

शुक्रवारी दुपारी बॅनर छापून जमिनीवर पसरला होता. वीस फूट रुंद, दहा फूट उंच. मुलगा दुसरीकडे पाट्या लावायला गेला होता. जाताना म्हणाला, "कडा शिव, कड्या ठोक. मधल्या जोडाला हात लावू नकोस, तो मी केलाय." मी फोनवर हवा पाहिली. शनिवारी जोराचा वारा होता.

मी बॅनरभोवती एक फेरी मारली. मधला जोड शंभरातल्या पहिल्या शून्यातून गेला होता. एका बाजूला अकरा पोरं, एका बाजूला तो दणकट माणूस. उद्या वारा हे टरकवणार आणि कुणीतरी हसणार. शिवाय खरं सांगायचं तर, माणसाचं नाव आणि बापजाद्यांचा चेहरा असलेली वस्तू फाडायची म्हणून करायची, हे माझ्या हाताला पटत नव्हतं. आमच्याकडे देवाचं चित्र असलेला कॅलेंडरचा कागदसुद्धा कुणी फाडत नाही.

ताडपत्रीला लावतात ती नायलॉनची पट्टी मी काढली. नवारीसारखीच, चार बोटं रुंद. कागदाला नुसती सुई मारली तर भोकांवरून फाटतो, म्हणून मागून आधी कापडी टेप लावली आणि त्यावर पट्टी शिवली. एक उभी, मधल्या जोडावर, वरपासून खालपर्यंत. एक आडवी, या बांबूपासून त्या बांबूपर्यंत, साधारण छातीच्या उंचीवर. मंडपाच्या कनातीला अशीच देतात, मग ती वाऱ्यात पोट काढत नाही. समोरून काही दिसत नव्हतं. मी ठरवलं होतं की तो यायच्या जरा आधी मागे जायचं, आडवी पट्टी दोन्हीकडून कापायची, उभी छातीच्या वर आणि खाली कापायची. चार कात्र्या मारायचं काम. मोठी कात्री मी पर्समध्ये टाकली. मुलाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने नको म्हटलं असतं.

शनिवारी वारा असा होता की गाडीचं दार धरून उघडावं लागलं. मैदानाकडेची झाडं वाकत होती. मुलाने आणि क्लबातल्या दोघांनी बॅनर उभा केला. एक बांबू मुलानेच धरला, कारण क्लबाचा माणूस कमी पडला. दुसरा बांबू धरायला पाहुण्या टीमचा एक धिप्पाड गोरा आला. लाल दाढी, मान नाहीच, डोकं थेट खांद्यावर. तो क्लबाच्या लोकांकडे बघून मोठ्याने म्हणाला, "मी घट्ट धरतो हां. बघू तुमच्या म्हाताऱ्याच्यात किती दम आहे!" सगळे हसले. तेव्हा हसले.

वाऱ्याने बॅनरला दणका दिला. बॅनर हलला नाही. परत दणका दिला. बांबू करकरले, कागद ताठ. अकरा पोरं सरळ उभी होती.

लोक फोटो काढायला लागले. कुणीतरी विचारलं, बॅनर कुणी केला? आंटीने काठीने माझ्याकडे दाखवलं. चार अनोळखी बायका येऊन माझा हात हातात घेऊन गेल्या. आंटी माझ्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "बघ आंटी. उभा आहे."

कात्री पर्समध्ये होती. मला आठवण नव्हती असं मी म्हणणार नाही. मी पर्समध्ये हातही घातला होता. मागे जायला वीस पावलं. पण आडवी पट्टी कापली असती तर त्या वाऱ्यात बॅनर तिथल्या तिथे फाटला असता, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी मनात म्हटलं, केवढा माणूस आहे, रेड्यासारखा, त्याला काय होतंय पट्टीने. मी हात बाहेर काढला.

तो निघाला. खोलीच्या दारापासून बॅनरपर्यंत चाळीसेक पावलांचं अंतर, आणि तो पूर्ण ताकदीने धावत आला. खाली मान, पुढे छाती. हेल्मेट त्याने घातलं नव्हतं. या दिवशी चेहरा दिसावा म्हणून ते हातात धरतात. मागे तीस जण ओरडत.

कागद फाटला. पट्टी फाटली नाही.

आडवी पट्टी त्याच्या छातीवर बसली आणि सरकून गळ्याखाली गेली. पाय पुढे गेले, डोकं मागे. दोन्ही बांबू आतल्या बाजूला ओढले गेले. माझा मुलगा तोंडावर पडला. लाल दाढीवाल्याने सवयीने बांबू आणखी घट्ट धरला. मागचे तीस जण थांबू शकले नाहीत. ते त्याच्यावर पडले, एकावर एक. मला हाड मोडल्याचा आवाज ऐकू आला. लोक म्हणतात एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नाही. मी तो आवाज ओळखते.

ढीग बाजूला झाला तेव्हा तो कागदात गुंडाळला गेला होता, आणि कागद तोंडाच्या जागी लाल होत होता. त्याने दात थुंकले. डावा खांदा भलत्याच जागी लटकत होता.

मग कुणीतरी ओरडलं, "यांनी बांधला! दोर बांधलाय यांनी!" पट्टी सगळ्यांना दिसली होती. दुसरं टोक लाल दाढीवाल्याच्या हातातल्या बांबूला होतं, आणि त्याची मघाची थट्टा सगळ्यांनी ऐकली होती. पहिला ठोसा त्याच्या कानावर बसला. दुसरा तोंडावर. तो पडला तसा चौघं त्याच्यावर चढले आणि बुटांनी तुडवायला लागले. त्या बुटांना खाली खुंट्या असतात. त्याची टीम हेल्मेटं घेऊन धावत आली. हेल्मेट जाळीला धरून फिरवलं की गदेसारखं लागतं. एका पोराचा गाल उघडा पडलेला मी पाहिला, आत दाढा दिसत होत्या. एक जण दुसऱ्याचं डोकं बाकावर आपटत होता, सावकाश, मोजून मोजून. रेफरी शिट्टी वाजवत होता आणि त्याला कुणीतरी सहज, माशी उडवावी तसं, ढकलून दिलं. बायका ओरडत होत्या, काही भांडण सोडवायला, काही आणखी मारा म्हणून.

माझा मुलगा लाल दाढीवाल्यावर आडवा पडला होता. "स्टॉप! ही डिडन्ट डू इट!" असं ओरडत होता. त्याला पट्टी ओळखू आली होती. आमच्याच दुकानातली. त्याच्या भुवईवर कुणाची तरी लाथ बसली.

मी धावू शकत नाही. चालत आंटीकडे गेले. ती भाच्याच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसली होती. मी पर्समधून कात्री काढून तिच्यासमोर धरली.

"आंटी, मी शिवलं. वाऱ्यासाठी. त्या माणसाने नाही."

तिने कात्रीकडे पाहिलं.

"कापायची होती. मी नाही कापली."

"का?"

"उभा होता," मी म्हटलं. "चांगला दिसत होता."

ती काठीवर जोर देऊन उठली आणि तिने माझ्या थोबाडीत मारली. हात जड होता. माझा चष्मा गवतात गेला आणि कान वाजायला लागला. नवरा मेल्यानंतर मला कुणी मारलं नव्हतं. त्याच्या माराचा हिशोब मी कधी मान्य केला नाही. ही थप्पड माझीच होती.

मग ती घोषणा करणाऱ्या माणसाच्या टेबलाशी गेली, माइक हिसकावला आणि आधी स्वतःच्या भाषेत काहीतरी ओरडली. काय ते मला माहीत नाही. क्लबाचे लोक जागच्या जागी थांबले. मग इंग्रजीत म्हणाली, "चूक आपल्या बॅनरवालीची आहे. पाहुण्याची नाही. त्याच्यावरून पाय काढा."

सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. मघाशीही बघत होतं.

रेफरी आला. नाकातून रक्त पुसत म्हणाला, गेम रद्द. पाहुणे सामान उचलायला लागले होते. ॲम्ब्युलन्सच्या पोरीने भाच्याचा खांदा चाचपून सांगितलं, हासळी मोडली आहे, हॉस्पिटलला चला. तो उठून बसला. तोंडात रक्त असल्याने शब्द फुगल्यासारखे येत होते.

"गेम झाला नाही तर नव्याण्णव," तो आत्याला म्हणाला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"एक डाव. एकच शिट्टी. मग नेईल तिकडे येतो."

एक डाव खेळला तरी गेम धरतात, पण त्याला दोन्ही टीम मैदानात लागतात, आणि पाहुणे निघाले होते. मी मुलाला हाताला धरून लाल दाढीवाल्याकडे नेलं. तो जमिनीवर बसला होता, एक डोळा बंद, ओठ फाटलेला. मी मुलाला म्हटलं, "सांग त्याला, ही माझी आई, पट्टी हिने शिवली. तुला मार हिच्यामुळे पडला."

मुलाने सांगितलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाच फुटांची बाई, साडीवर जाड जाकीट, गालावर पाच बोटं.

"म्हणजे आम्हा सगळ्यांना या आजीबाईने लोळवलं?" तो म्हणाला आणि हसायला गेला, पण ओठ दुखला. मग भाच्याकडे मान वळवून ओरडला, "ए म्हाताऱ्या, तू उभा राहतोस?"

"राहतो!"

"मी हळू येणार नाही हां! माझ्या तोंडाकडे बघ काय केलंय तुझ्या लोकांनी!"

"हळू आलास तर मारीन!" भाचा ओरडला.

रेफरीने दोन्ही कप्तानांना विचारलं. एक डाव, तोही दोन्ही बाजू म्हणतात म्हणून. ॲम्ब्युलन्सची पोरगी म्हणाली, मी याला हात लावणार नाही, लावला तर मी परवानगी दिली असं होईल. मग हात अंगाला बांधणार कोण? आंटीने माझ्याकडे पाहिलं.

बॅनर तिथेच पडला होता. मी पट्टी दोन्ही बांबूंपासून कापली, मघाशी कापायची होती तशीच. मुलाने भाच्याला मागून धरलं. मी त्याचा डावा हात कोपरात दुमडून पोटावर ठेवला आणि पट्टी खांद्यावरून, काखेतून, पाठीवरून दोन वेढे घेऊन ओढली. तो जनावरासारखा ओरडला. मी सैल केली नाही. सैल बांधलं असतं तर हाड आत घुसलं असतं. गाठ मारली ती मंडपाची, ओढली की आणखी बसते.

"मॅम, हे सुटणार नाही ना?" तो दात नसलेल्या तोंडाने म्हणाला.

"नाही," मी म्हटलं.

तो मैदानात गेला, एका हाताने हेल्मेट घातलं, आणि रांगेच्या टोकाला वाकून उभा राहिला. समोर लाल दाढीवाला येऊन वाकला. शिट्टी झाली. चेंडू हलला. लाल दाढीवाल्याने शब्द पाळला. उजव्या खांद्यावर घेतलं त्याला, मोडक्या बाजूला नाही, पण जोर तोच. भाचा पाठीवर पडला. त्याचे दोन्ही पाय हवेत गेलेले मी पाहिले. शिट्टी झाली.

कुणी पुढे आलं नाही. आंटीने काठी आडवी धरून सगळ्यांना मागे ठेवलं होतं. तो कुशीवर वळला, गुडघ्यावर आला, उजवा हात टेकून उभा राहिला, आणि चालत बाहेर आला. मग ॲम्ब्युलन्समध्ये ओकला. शंभर झाले.

ज्या पोराचा गाल फाटला होता त्याला बरेच टाके पडले. माझ्या मुलाच्या भुवईवर व्रण आहे. महिनाभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. "ही नायलॉनची पट्टी देतेस?" "कड्या संपल्या." असं. मी समजूत काढायला गेले नाही. फळीवर भाच्याचं नाव रंगवलं त्याचा फोटो मुलाच्या फोनवर आला, तो त्याने माझ्यासमोर धरला. मी पाहिला आणि फोन परत दिला.

मला वाटलं होतं आता ती ऑर्डर कायमची गेली. पुढच्या उन्हाळ्यात दुकानाचं दार उघडलं आणि आंटी आत आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात घडीची खुर्ची. कुणाच्या तरी पन्नासाव्या गेमचा बॅनर हवा होता. मुलाने छापला तोवर ती थांबली. मग माझ्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसली आणि मी काय करते ते बघत राहिली. कडा शिवल्या. कड्या ठोकल्या. मधल्या जोडाला वितीवितीवर कागदी टेप लावली, एक एक तुकडा तिला दाखवून.

झाल्यावर मी म्हटलं, "बघ."

ती उठली. मुलाला म्हणाली, तिकडून धर. मला म्हणाली, इकडून धर. आम्ही दोघांनी बॅनर ताणून धरला. तिने काठी टेबलाला टेकवली, मूठ वळली आणि मधोमध ठोसा मारला. हात कोपरापर्यंत आरपार गेला. जोड वरपासून खालपर्यंत सुटला आणि दोन्ही तुकडे आमच्या हातात लोंबायला लागले.

"अरे देवा," मुलगा म्हणाला. "आंटी, सगळं परत छापावं लागेल."

"छाप," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली. माझ्याकडे पाहून मान हलवली. "असाच."

मी टेपचं रीळ परत पुढे ओढलं.